ज्याने पाहिले, तो का बोलला नाही?

विमान-अपघाताची बातमी आली की आपल्याकडे चर्चा होते ती वैमानिकाची, यंत्राची आणि हवामानाची. वृत्तपत्रांतून आकृत्या छापून येतात, जाणकार आपापली मते मांडतात, चौकशी-समिती नेमली जाते. एका माणसाची चर्चा मात्र क्वचितच होते. अनर्थ घडण्यापूर्वी तो ज्याच्या नजरेस पडला होता आणि तरीही जो बोलला नाही, असा कोणीतरी पुष्कळदा त्या घटनेच्या आसपास असतो. चौकशीच्या जाडजूड अहवालात त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. मला त्या ओळी वाचायची सवय लागली आहे.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा कंपनीच्या बोइंग विमानाचे छप्पर चोवीस हजार फूट उंचीवर उडून गेले. एक हवाई सेविका वाऱ्याच्या झोताबरोबर बाहेर फेकली गेली. तिचा देह कधीच सापडला नाही. वैमानिकांनी कमालीचे धैर्य दाखवून विमान माउई बेटावर उतरवले आणि बाकीचे सारे वाचले. पुढे चौकशीत एका प्रवासी महिलेने सांगितले की, विमानात चढताना दाराजवळच्या पत्र्यावर तिला एक लांब चीर दिसली होती. तिने ती कोणालाही सांगितली नाही.

ती महिला सामान्य प्रवासी होती. तिला कोणी काही शिकवले नव्हते. ही कामे ज्यांची आहेत त्यांचे लक्ष असेलच, असे समजून ती आपल्या जागेवर जाऊन बसली असेल, तर त्यात नवल नाही. परंतु ज्यांना शिकवले आहे, धोका ओळखणे हा ज्यांच्या नोकरीचाच भाग आहे, ते का बोलत नाहीत? आणि त्यांना शिकवल्याने ते बोलू लागतात काय? या प्रश्नाशी माझा संबंध केवळ वाचनापुरता नाही.

माझ्या नोकरीची बत्तीस वर्षे मुंबईच्या विमानतळावर गेली. वसई परिसरातील आमच्या पिढीच्या कित्येक तरुणांप्रमाणे पहाटेची लोकल पकडावी, अंधेरीला उतरावे आणि तेथून बसने सहार गाठावे, हा माझा नित्यक्रम होता. मी वैमानिक नव्हतो, अभियंताही नव्हतो. विमान जमिनीवर उभे असताना त्याच्याभोवती जी धावपळ चालते, तिच्यात माझे आयुष्य गेले. सामान चढवणारे व उतरवणारे लोडर, ट्रॅक्टरचालक, शिडी लावणारे, चाकांना अडण घालणारे, पाणी भरणारे, सफाई करणारे अशी ही मंडळी. प्रवाशाला खिडकीतून ती क्षणभर दिसतात आणि विमान सुटताच विस्मृतीत जातात. नोकरीच्या अखेरच्या नऊ वर्षांत या मंडळींना सुरक्षेचे धडे देण्याचे काम माझ्याकडे आले होते.

विमाने उभी राहतात त्या फरसबंद मैदानाला आमच्या बोलीत 'एप्रन' म्हणतात. तेथे धोका चारही दिशांनी असतो. चालू इंजिनाच्या पुढे उभे राहिले तर ते माणसाला आत ओढून घेते; मागे उभे राहिले तर त्याचा झोत भरलेली ट्रॉलीसुद्धा उलथवतो. आवाज इतका असतो की दहा पावलांवरून मारलेली हाक ऐकू येत नाही. पावसाळ्यात तेल आणि पाणी यांच्या मिश्रणाने जमीन निसरडी होते. या सर्वांत वेळेचा तगादा असतो, कारण उभे विमान म्हणजे कंपनीचा तोटा.

नव्या मुलाला यातले काहीच दिसत नाही. प्रशिक्षणाचे पहिले काम त्याचे डोळे उघडणे हे आहे, आणि ते काम प्रशिक्षण उत्तम प्रकारे करते, याची मी ग्वाही देतो. विमानाच्या पोटाखालचा तांबडा दिवा लुकलुकत असेपर्यंत जवळ जायचे नाही. जमिनीवर पडलेला खिळा, बोल्ट वा सूटकेसचे तुटलेले चाक पाहिले की उचलून घ्यायचे. हे एकदा नीट समजावले की मुलगा ते जन्मभर विसरत नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कोसळलेल्या काँकॉर्डची हकिकत मी वर्गात नेहमी सांगत असे. त्याच धावपट्टीवरून थोड्या वेळापूर्वी उडालेल्या दुसऱ्या एका विमानातून धातूची एक पट्टी निखळून पडली होती. हातभरही लांब नसलेल्या त्या पट्टीने काँकॉर्डचे टायर फाटले, त्याचे तुकडे इंधनाच्या टाकीवर आदळले आणि ११३ जीव गेले. ही हकिकत ऐकल्यावर वर्गातली मुले घरी जाताना रस्त्यावरचा खिळाही उचलू लागत.

परंतु पडलेला खिळा उचलणे वेगळे आणि तो कोठून पडला हे वरिष्ठांना सांगणे वेगळे. पहिल्यासाठी दृष्टी पुरते. दुसऱ्यासाठी आणखी काही लागते, आणि ते काय, हे मला एका ट्रॅक्टरने शिकवले.

ही माझ्या नोकरीच्या पूर्वार्धातली गोष्ट. त्या काळी मी दुसऱ्या विभागात होतो. घडले ते मला मागाहून संबंधितांच्या तोंडून कळले. सामानाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरचा ब्रेक उशिरा लागत असे. तो चालवणारा एक तरुण नुकताच सुरक्षेच्या वर्गाला बसून आला होता. 'काही बिघाड दिसला तर ताबडतोब वरिष्ठांना कळवा', हे तेथे सांगितलेले वाक्य त्याने मनावर घेतले आणि पर्यवेक्षकाला सांगितले. उत्तर मिळाले, "तुला चालवता येत नसेल तर तसं सांग, दुसरा ड्रायव्हर बघतो." तो हिरमुसला नाही. वर्गात लेखी कळवण्याविषयीही सांगितले होते. म्हणून त्याने कागदावर लिहून दिले. पुढच्या आठवड्यात त्याची बदली मालवाहतुकीच्या रात्रपाळीत झाली. कारण कोणी सांगितले नाही, आणि ते विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

तीन-साडेतीन आठवड्यांनी त्याच ट्रॅक्टरचा ब्रेक न लागल्याने एका लोडरचा पाय दोन ट्रॉल्यांमध्ये चिरडला. तो वाचला, पण पुन्हा त्या कामावर येऊ शकला नाही. चौकशी झाली. 'ट्रॅक्टर कोण चालवत होता?' हा त्या चौकशीचा मुख्य प्रश्न होता. जो चालवत होता त्याला शिक्षा झाली. ब्रेक कधीपासून बिघडला होता आणि ते कोणाला ठाऊक होते, हे विचारले गेले नाही. कारण ते सर्वांनाच ठाऊक होते.

त्यानंतरही सुरक्षेचे वर्ग भरत राहिले. हजेरीपटावर सह्या होत राहिल्या. मात्र त्या विभागातून वर्षानुवर्षे लेखी सूचना आली नाही. कागदोपत्री पाहिले तर तो विभाग अत्यंत सुरक्षित होता.

असा अनुभव आपल्याच देशातला, आपल्याच लोकांतला असेल असे मला अनेक वर्षे वाटत होते. आपल्याकडे वरिष्ठांपुढे बोलण्याची रीत नाही, प्रगत देशांत असे होत नसावे, ही समजूत मनाला सोयीची होती. पुढे कॅनडातील ड्रायडन येथील अपघाताची हकिकत वाचली आणि ती समजूत गळून पडली.

१० मार्च १९८९ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील ड्रायडन या लहानशा गावी एअर ऑन्टॅरिओचे एक जेट विमान उभे होते. बर्फ पडत होते आणि पंखांवर साचत होते. विमानातील लहान सहायक इंजिन नादुरुस्त होते आणि मुख्य इंजिन पुन्हा चालू करून देणारे यंत्र त्या विमानतळावर नव्हते. म्हणून एक इंजिन चालूच ठेवावे लागले. इंजिन चालू असताना पंखांवर बर्फ काढणारा द्रव फवारायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. विमान बर्फासह धावले, जेमतेम उचलले गेले आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळले. ६९ पैकी २४ जण मृत्युमुखी पडले.

पंखांवरचे बर्फ विमानातील हवाई सेविकेने पाहिले होते. ती वाचली, आणि न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या आयोगापुढे तिने साक्ष दिली. तिच्या सांगण्याचा आशय असा की, कामकाजाच्या बाबतीत हवाई सेविकांनी काही सांगितलेले वैमानिकांना रुचत नाही, हे ती अनुभवाने शिकली होती. आणि वैमानिकांच्या निर्णयावर विश्वास ठेवावा, अशीच तिची शिकवण होती. त्याच विमानात प्रवासी म्हणून बसलेले दोन वैमानिकही होते. त्यांनीही बर्फ पाहिले होते. तेही बोलले नाहीत.

ही साक्ष वाचल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. त्या हवाई सेविकेला प्रशिक्षण नव्हते असे नाही. होते, आणि त्या प्रशिक्षणाने तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली गोष्ट, आणीबाणीत प्रवाशांना बाहेर कसे काढायचे. दुसरी गोष्ट, कोणत्या विषयात आपले तोंड बंद ठेवायचे. दुसरा धडा कोणत्याही पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेला नसतो. पण तो पहिल्याइतकाच पक्का बसतो. त्याच वर्षी ८ जानेवारीस इंग्लंडमध्ये केगवर्थ येथेही असेच घडले होते. डावे इंजिन बिघडले असता वैमानिकांनी उजवे बंद केले आणि कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून उजव्या इंजिनाचा बिघाड जाहीर केला. डाव्या बाजूला निघणाऱ्या ज्वाळा मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी आणि तीन कर्मचाऱ्यांनी पाहिल्या होत्या. ती विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. ४७ जण दगावले. वैमानिक आणि केबिनमधील कर्मचारी यांना एकत्र प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस त्या चौकशीतून पुढे आली.

आता त्याच १९८९ सालातली तिसरी घटना पाहा. १९ जुलै रोजी अमेरिकेत युनायटेड कंपनीच्या एका मोठ्या विमानाचे मागचे इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सारी यंत्रणा निकामी झाली. प्रवाशांत त्याच कंपनीचा एक प्रशिक्षक-वैमानिक बसला होता. त्याने हवाई सेविकेकरवी निरोप पाठवला, "माझा काही उपयोग होईल काय?" कप्तान आल हेन्स यांनी त्याला तत्काळ पुढे बोलावून घेतले. चौघांनी मिळून केवळ उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमान आदळले, पेटले. तरीही २९६ पैकी १८४ जण वाचले. ड्रायडनच्या विमानातही प्रवासी-वैमानिक होते, येथेही होता. तेथे निरोप गेला नाही. येथे निरोप गेला आणि तो ऐकूनही घेतला गेला.

हेन्स यांनी पुढे अनेकदा या यशाचे श्रेय आपल्या कंपनीने दिलेल्या प्रशिक्षणाला दिले. ते प्रशिक्षण दुःखातूनच जन्मले होते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून ५८३ माणसे मेली. 'ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय?' अशी शंका केएलएमच्या विमानातील फ्लाइट इंजिनियरने विचारली होती. कप्तानाने ती झटकून टाकली. तो कप्तान त्या कंपनीतील जंबो विमानांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, पोर्टलंडजवळ युनायटेडचे एक विमान इंधन संपून पडले. इंधन कमी होत चालल्याचे सहकाऱ्यांनी सुचवले होते. पण त्यांचा स्वर इतका नरम होता की चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानाच्या मनात तो उतरलाच नाही. त्या अपघातानंतर अमेरिकेच्या चौकशी मंडळाने दुहेरी शिफारस केली. कनिष्ठांना ठामपणे बोलण्याचे शिक्षण द्यावे आणि कप्तानांना सहकाऱ्यांना सामील करून घेण्याचे. १९८१ मध्ये युनायटेडने तसे प्रशिक्षण सुरू केले.

या शिफारशीतील दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो. बोलायचे कसे हे आपण कनिष्ठाला शिकवतो. ऐकायचे कसे हे वरिष्ठाला शिकवत नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेकडीवर जे विमान कोसळले, त्यातील सहवैमानिकाने 'उतरू नका, पुन्हा वर चला' असे तीनदा सांगितल्याची नोंद चौकशीत आहे. त्याने आपले शिक्षण वाया घालवले नव्हते. तरीही १६६ पैकी १५८ जण गेले.

अहवाल ऐकणारा कोण आहे, यावर अहवाल देणे अवलंबून असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतलेच आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर उतरू पाहणारे टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण ठार झाले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता आणि नियंत्रकांनी दुसरा. सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या एका विमानाने त्याच ठिकाणी तोच अर्थ घेतला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. ती सूचना कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाही. पुढच्या वर्षी हवाई वाहतुकीच्या सरकारी खात्याने सर्वांकडून अहवाल मागवायला आरंभ केला. परंतु ज्याच्या हाती दंडुका आहे त्याच्याच हाती आपली चूक कोण देणार? म्हणून १९७६ साली हे काम नासा या अंतराळ-संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आले. नासाला कोणाचाही परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही. अहवालावरचा नावपत्त्याचा भाग कापून तो देणाऱ्याला परत पाठवला जातो. जाणूनबुजून केलेले कृत्य वा गुन्हा नसेल आणि दहा दिवसांत कळवले असेल, तर सामान्यतः दंडही माफ होतो. तेथे आजवर दहा लाखांहून अधिक अहवाल जमले आहेत. १९८२ मध्ये ब्रिटनने अशीच गोपनीय व्यवस्था उभारली. डेन्मार्कने २००१ मध्ये कायद्यानेच अहवाल देणाऱ्याला संरक्षण दिले, तेव्हा तेथील हवाई नियंत्रकांचे अहवाल एका वर्षात कैक पटींनी वाढले. ते नियंत्रक एका वर्षात अधिक शिकले नव्हते. त्यांची भीती तेवढी कमी झाली होती.

हे सारे वाचन पाठीशी घेऊन मी शिकवू लागलो, तेव्हा वर्ग रंगत असत. प्रत्येक वर्गानंतर दोन-तीन आठवडे सूचनांच्या पेटीत चार-दोन कागद पडत. मग पेटी पुन्हा रिकामी. असे का होते, हे मला उमगेना. एकदा वर्गात शेवटच्या बाकावर केस पिकलेला एक चालक बसला होता. तोच तो, ट्रॅक्टरच्या ब्रेकविषयी लिहून दिल्यामुळे रात्रपाळीत गेलेला. वर्ग संपल्यावर मी त्याला पेटीविषयी विचारले. तो म्हणाला, "साहेब, काय बघायचं ते तुम्ही शिकवता. कोणाला सांगायचं तेही शिकवता. सांगितल्यावर काय होतं, ते आम्हांला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे."

एवढे बोलून त्याने आपला डबा उचलला आणि तो कामावर गेला.

त्या वाक्यावर मी एका नव्या अधिकाऱ्याशी बोललो. ते गृहस्थ मितभाषी होते. पण त्यांनी तीन गोष्टी केल्या. सूचनेचा अर्ज इंग्रजीत होता, तो त्यांनी मराठी व हिंदीत करून घेतला आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितले तरी चालेल असे ठरवले. दुसरे, सूचना देणाऱ्याचे नाव त्याच्या थेट पर्यवेक्षकाकडे जाणार नाही, अशी व्यवस्था केली. तिसरे, विश्रांतीच्या खोलीत एक फळा टांगला. आलेली प्रत्येक सूचना, नाव न लिहिता, तिच्यावर काय केले ते आणि केव्हा केले ते, आठ दिवसांच्या आत त्या फळ्यावर लिहायचे. करता येण्यासारखे नसेल तर 'शक्य नाही' असे लिहायचे, आणि का शक्य नाही तेही लिहायचे.

पहिले दोन आठवडे फळा जवळजवळ कोरा होता. तिसऱ्या आठवड्यात एक सूचना आली: शिडीची एक पायरी हलते. तिसऱ्या दिवशी पायरी बदलली गेली आणि तसे फळ्यावर लिहिले गेले. लोक चहा पिताना तो फळा वाचत. मग सूचना येऊ लागल्या. गटाराची जाळी निसटते, अमुक खांबावरचा दिवा रात्री बंद असतो, तमुक ट्रॉलीचा आकडा झिजला आहे. काही महिन्यांनी वरच्या कचेरीतून चिंतेचे पत्र आले, "आपल्या विभागात धोके एकाएकी का वाढले?" आमच्या अधिकाऱ्याने उत्तर दिले की, धोके होते तेवढेच आहेत, आता ते कळू लागले आहेत. अहवालांची संख्या कमी म्हणजे सुरक्षा अधिक, हे गणित किती फसवे आहे, ते कचेरीला पटायला वेळ लागला.

दोन वर्षांनी ते अधिकारी बदलून गेले. नव्यांना फळ्याचे महत्त्व वाटले नाही. उत्तरे लिहिणे थांबले आणि तीन-चार महिन्यांत सूचनाही थांबल्या. या काळात माझा वर्ग तोच होता, अभ्यासक्रम तोच होता, काँकॉर्डची हकिकतही तीच होती. पुढे तिसरे अधिकारी आले, त्यांनी फळा पुसून घेतला, उत्तरे देण्यास सुरुवात केली आणि सूचना पुन्हा येऊ लागल्या. प्रशिक्षणाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला आयुष्यात मिळाला नाही. प्रशिक्षणाने माणसाला धोका दिसू लागतो आणि तो सांगण्याची इच्छाही त्याच्या मनात निर्माण होते. ती इच्छा टिकते की विझते, हे त्याच्या पहिल्या सूचनेला जे उत्तर मिळते त्यावर ठरते. दुसरी सूचना देणारा माणूस पहिलीचे काय झाले ते पाहूनच येतो. खरा वर्ग भरतो तो तेथे, आणि त्या वर्गाचा शिक्षक असतो पर्यवेक्षक.

याचा अर्थ कोणालाही कसलीच शिक्षा नको, असा कोणी करू नये. दारू पिऊन वाहन चालवणारा, जाणूनबुजून नियम मोडणारा, नोंदवहीत खोटे लिहिणारा यांना क्षमा केली तर प्रामाणिक माणसाचा अपमान होतो. इंग्रज मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात न्याय्य संस्कृतीची जी कल्पना मांडली, तिचे मर्म हेच आहे: कोणती चूक माणसाच्या स्वभावातून होते आणि कोणते कृत्य बेपर्वाईतून, यांतील सीमारेषा सर्वांना आधीच ठाऊक असावी. सीमारेषा साहेबांच्या लहरीनुसार सरकते असे एकदा दिसले की शहाणा माणूस गप्प बसतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्ये सुरक्षा-व्यवस्थापनासाठी स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले. स्वेच्छेने दिलेल्या अहवालांची व्यवस्था आणि अशा माहितीला संरक्षण, या गोष्टी त्यात आल्या. आपल्या देशातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यास अनुसरून नियम केले आहेत. कागद आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले आहेत. परंतु माझ्या काळात हे काम करणारे बहुतेक कायम नोकरीत होते. रात्रपाळी मिळाली तरी नोकरी जात नसे. आज एप्रनवरची बरीचशी कामे कंत्राटी संस्थांकडून करून घेतली जातात. आत शिरण्याचा पास आणि महिन्याचा पगार या दोन्ही गोष्टी ज्याच्या एका शब्दावर अवलंबून आहेत, त्याच्याविरुद्ध जाईल अशी सूचना एखाद्या बावीस वर्षांच्या मुलाने द्यावी, ही अपेक्षा मोठी आहे. त्याला वर्गात बसवून 'निर्भयपणे बोला' असे सांगणे सोपे आहे. भीतीचे कारण मात्र वर्गाबाहेर असते आणि ते दूर करण्याचा अधिकार वर्ग घेणाऱ्याच्या हाती नसतो.

आपल्या गावांतून आजही मुले-मुली विमानतळावर कामाला लागतात. ती भरल्या मनाने, नव्या गणवेशात पहिल्या प्रशिक्षणाला जातात आणि घरी येऊन मोठ्या उत्साहाने सगळे सांगतात. त्यांच्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. मुलांना असे सुचवावे की, वर्गाच्या शेवटी शिक्षकांना दोन प्रश्न नम्रपणे विचारा. मागच्या महिन्यात आपल्याकडे धोक्याच्या किती सूचना आल्या आणि त्यांपैकी एकीचे तरी पुढे काय झाले? शिक्षकांना उत्तर ठाऊक असेल तर तुमचे मूल चांगल्या ठिकाणी कामाला लागले आहे. ठाऊक नसेल, तर निदान हा प्रश्न कोणीतरी विचारला, हे त्यांच्या लक्षात राहील. आणि मला वाटते, पुढच्या वर्गाआधी ते उत्तर शोधायला जातील.